बोला, काय अडलं? : सोवळ्यातले शब्द

गेल्या अंकात बोलता बोलता एका वाक्यात मी "अंधश्रद्धा" हा शब्द वापरला आणि दुसऱ्या एका उत्तरात सोवळं म्हणजे काय ते घाईघाईत दोन ओळीत उरकलं, झालं, या महिन्यात आलेली पत्रं सगळी त्याच गावची. मेल आले, व्हॉट्सअॅप आले आणि एक तर चक्क निळं आंतर्देशीय पत्र, मला वाटलं होतं ते मिळायचंच बंद झालं. त्यातली सात घेतेय, बाकीच्यांनी रागावू नका, पुढच्या खेपेला.

प्रश्न : ताई, मी घरून सबटायटलचं काम करते. एका सिरीजमध्ये नातू म्हणतो की माझी आजी खूप ऑर्थोडॉक्स आहे. मी लिहिलं, "माझी आजी फार कर्मठ आहे". हिंदीवाल्याने माझ्या फाइलवरून तोच शब्द जसाच्या तसा उचलला आणि क्लायंटचा मेल आला की आजी अख्ख्या सीनमध्ये खुर्चीत बसून आहे, ती कर्मठ कशी? माझं चुकलं का? (पुणे)

तुमचं काही चुकलं नाही, हिंदीवाला फसला. हिंदीत कर्मठ म्हणजे कामसू, मेहनती. ठाण्या-कल्याणच्या बाजूला कधी गेलात तर वाढदिवसाचे फ्लेक्स बघा, हिंदी भाषिक मंडळींनी लावलेल्या फ्लेक्सवर "कर्मठ एवं जुझारू" असं लिहिलेलं असतं आणि आपल्याला वाटतं हे भाऊ रोज त्रिकाळ संध्या करतात की काय. गंमत म्हणजे मूळ संस्कृत अर्थाच्या जवळ हिंदीच राहिलीय. पाणिनीचं सूत्रच आहे, "कर्मणि घटोऽठच्", कर्मात जो झटतो तो कर्मठ. मराठीत त्या कर्माचा अर्थ आक्रसत आक्रसत नुसतं धर्मकर्म एवढाच उरला, मग त्याला जरा कपाळावर आठी असलेला वास आला, आणि आता कर्मठ म्हटलं की ताम्हन, पळी आणि "हात नको लावू" एवढंच डोळ्यासमोर येतं.

आता ऑर्थोडॉक्सला मराठीत एकच शब्द द्या म्हणाल तर मला जमणार नाही, कारण तो शब्द मुळात ग्रीक, त्याचा सरळ अर्थ योग्य मत असणारा, म्हणजे माणसाच्या डोक्यात काय आहे याची चौकशी. आपल्याकडे डोक्यात काय आहे ते विचारतो कोण? लग्न ठरवताना, जेवायला बोलावताना, भाड्याने खोली देतानासुद्धा प्रश्न एकच, "तुमच्याकडे पाळतात का?" काय पाळतात ते बोलायचीही गरज नसते. कर्म गाळलेलं क्रियापद, आणि तरी समोरच्या बाईला बरोब्बर कळतं की कांदा-लसणाबद्दल विचारलं, चार दिवसांबद्दल विचारलं की सुतकाबद्दल. देव मानता का हे मला आयुष्यात मोजून दोन वेळा विचारलं असेल कोणी, पाळता का हे शेकडो वेळा. म्हणून मराठीतले यातले बहुतेक शब्द माणूस काय करतो ते सांगणारे आहेत, आणि दुसरं म्हणजे तो शब्द कोण उच्चारतंय त्याचा पत्ता त्यातच असतो.

तुमच्यापुढे साधारण चार पर्याय आहेत. "सनातनी" हा चावडीवरचा, वर्तमानपत्रातला शब्द. अर्थ बघायला गेलं तर सनातन म्हणजे नित्य, कायम असणारं, त्यात वाईट काही नाही. पण आगरकरांनी १८८८ मध्ये 'सुधारक' काढला त्या काळापासून महाराष्ट्रात सुधारक विरुद्ध सनातनी अशी जोडीच पडून गेली, पुढे २ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा दार अडवून उभे होते ते सनातनी, मे १९४७ मध्ये साने गुरुजी पंढरपूरच्या विठ्ठलाचं मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून उपोषणाला बसले तेव्हा विरोधात होते तेही सनातनी. त्या पिढीच्या वाचकाच्या कानाला हा शब्द तसाच लागतो. आणि आज तोच शब्द लोक गाडीच्या मागच्या काचेवर अभिमानाने चिकटवतात. बरोबर चूक मी सांगत नाहीये, एवढंच सांगतेय की तुमच्या सिरीजमधला नातू आजचा असेल तर आजीला सनातनी म्हटल्यावर प्रेक्षकाला राजकारण ऐकू येईल, आणि तुमच्या सीनमध्ये बहुतेक नुसता चहाचा कप असणार.

"सोवळी" हा तर सापळाच आहे. आजीचं सोवळं कडक आहे हे ठीक, पण आजी सोवळी आहे असं जुन्या काळातल्या सिरीजमध्ये लिहिलंत तर अर्थ होईल केशवपन केलेली विधवा. सोवळी बाई म्हणजे लाल आलवण नेसणारी, डोक्यावरून पदर घेतलेली बाई, ते आता पन्नाशीच्या खालच्या माणसाला माहीतच नसतं. मी पंचवीस वर्षं मुद्रितशोधन केलं, एका कादंबरीच्या प्रुफात सौभाग्यवती काकूंना "सोवळ्या काकू" केलेलं मी शेवटच्या क्षणी पकडलं होतं, लेखक तरुण होता, त्याला वाटलं सोवळ्या म्हणजे स्वच्छ.

खुद्द सोवळं म्हणजे काय तर ते नेसायचं वस्त्र आणि ते नेसल्यानंतरची अवस्था, दोन्हीला एकच शब्द. रेशमी असेल तर मुकटा किंवा कद, लोकरीची ती धाबळी. माझी आजी ओलं सोवळं हाताने वाळत घालायची नाही, आढ्याजवळ टांगलेली एक आडवी दांडी होती, तिच्यावर काठीने असं लीलया पसरवायची की एकही चुणी राहायची नाही, आणि आम्ही पोरं खालून पळताना कोणाच्या तरी केसाला टोक लागलं की परत ते सगळं पाण्यात. आम्हाला शिव्या नाही बसायच्या, नुसतं "लागलं का रे?" एवढंच विचारायची आणि खोटं बोललो तर तिला कळायचं. ही बाई कर्मठ होती का? शेजारच्या काकू म्हणायच्या हो. आम्ही कधी म्हणालो नाही, आम्ही म्हणायचो आजीचं सोवळं असतं.

तर तुमचं वाक्य : आजी नातवाला स्वयंपाकघरात चपला घालू देत नाही असा सीन असेल तर "आजीचं सोवळं-ओवळं फार". परजातीच्या मुलीवरून भांडण असेल तर "आजी जुन्या विचारांची". आणि सीन कुठलाच स्पष्ट नसेल तर "आजी जुन्या वळणाची आहे", हा शब्द मला सगळ्यात आवडतो, त्यात टीका आहे पण जिभेला धार नाही, आणि सबटायटलमध्ये अक्षरं मोजून मिळतात त्यातही बसतो.

प्रश्न : नवरात्रात आमच्याकडे नऊ दिवस कोणी गादीवर झोपत नाही. सासूबाई म्हणतात परंपरा आहे, नवरा म्हणतो रूढी आहे, नणंद म्हणते कुळाचार आहे. माझी पाठ धरलीय. तिघांत बरोबर कोण? (एक सून, डोंबिवली)

तिघंही बरोबर, आणि तिघांनी आपापली बाजू एकेका शब्दात सांगून टाकली बघा. परंपरा म्हणणारा माणूस ती गोष्ट पुढे द्यायच्या तयारीत असतो, पर आणि त्याच्यापुढे पर, एकाकडून दुसऱ्याकडे. रूढी म्हणणारा सोडायच्या तयारीत असतो. म्हणजे शब्दाचा त्यात काही दोष नाही हं, रूढ हा शब्द रुह् धातूपासून, उगवणं, रुजणं, ज्याचं मूळ धरलं ते रूढ, "हा शब्द मराठीत रूढ झाला" म्हणतो तेव्हा कोणाला वाईट वाटतं? पण शंभर वर्षं "जुनाट रूढी", "अनिष्ट रूढी" असं एका दमात म्हणून म्हणून आता रूढीच्या आधी विशेषण लावलं नाही तरी ते ऐकू येतं. आणि कुळाचार म्हणणारी नणंद सगळ्यात हुशार, कारण कुळाचार म्हटलं की वाद संपतो, तो शास्त्रात असायची गरज नाही, पटायची गरज नाही, आमच्या कुळाचं आहे म्हणजे आहे. चित्पावनांकडे बोडण, देशावर कोणाकडे गोंधळ, खंडोबा कुलदैवत असेल तर जागरण आणि तळी भरणं, शेजारच्याने काय केलं त्याच्याशी संबंध नाही.

याशिवाय चाल आहे, रीत आहे, प्रथा आहे, प्रघात आहे, शिरस्ता आहे, वहिवाट आहे. शिरस्ता फारसीतून आला आणि ऑफिसात जाऊन बसला, देवघरात कोणी शिरस्ता म्हणत नाही. वहिवाट शेताच्या बांधावरून कोर्टात गेली. आणि पायंडा. पायंडा पडतो किंवा पाडतात, म्हणजे कोणीतरी पहिल्यांदा ते केलंय हे त्या शब्दात कबूल आहे, बाकीचे सगळे शब्द ते लपवतात.

माझ्या आजोळी, सोलापूर जिल्ह्यात, नवरात्रातल्या कुळधर्माच्या नैवेद्याच्या पानात पुरणपोळीच्या शेजारी ज्वारीची तळहाताएवढी भाकरी ठेवतात. कोरडी, वर काही नाही. माझ्या मामेभावाची बायको नव्या जावेला शिकवत होती, ही भाकरी विसरायची नाही हं, आपला कुळाचार आहे, देवीला ज्वारी लागते. मी तिथेच बसले होते. ७२ च्या दुष्काळात घरात गहू नव्हता, मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, खाऊन दिवस काढत होते लोक, आजीने कुठूनतरी मूठभर ज्वारी मिळवून तेवढीच भाकरी केली आणि देवीपुढे ठेवून म्हणाली यंदा एवढंच. पुढच्या वर्षी गहू आला तरी तिने ती भाकरी काढली नाही, का ते तिलाच माहीत, मला वाटतं लाज नको वाटायला म्हणून. मी जावेसमोर काही बोलले नाही. काय बोलणार, पन्नास वर्षं झाली म्हणजे झालाच की कुळाचार.

तुमच्या पाठीपुरतं एक काम येण्यासारखं सांगते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात रूढीची व्याख्या दिलीय, ती दीर्घकाळ, अखंड आणि एकसारखी पाळलेली असावी लागते, आणि एखाद्या घराण्यापुरतीच असेल तर त्या घराण्याने ती सोडून दिलेली नसावी. म्हणजे घराने सोडली की संपली, कायद्याचंही म्हणणं तेच. अर्थात हा कायदा लग्नापुरता, गादीला लागू नाही, आणि सासूबाईंना दाखवायच्या आधी विचार करा. माझ्या एका मैत्रिणीने सतरंजीखाली योगा मॅट घातली होती, तीही एक वाट.

प्रश्न : मुलगा इंजिनीअरिंगला आहे, घरी आला की म्हणतो मी नास्तिक. पण गणपतीत दहा दिवस मंडळात, विसर्जनाला ढोल पोटाला बांधून सहा तास. मग हा नास्तिक कसला? (कोल्हापूर)

काका, ढोल हा वेगळा धर्म आहे, त्याचा हिशोब यात धरू नका.

नास्तिक म्हणजे देव नाही म्हणणारा हा आपला आजचा अर्थ. पाणिनीने "अस्ति नास्ति दिष्टं मतिः" एवढ्यावर आस्तिक, नास्तिक आणि दैष्टिक असे तिघे उभे केले, आहे म्हणणारा, नाही म्हणणारा आणि नशिबात आहे म्हणणारा, पण काय आहे आणि काय नाही ते सूत्रात सांगितलंच नाही, टीकाकार म्हणतात परलोक. मनुस्मृतीत तर नास्तिक म्हणजे वेदांची निंदा करणारा. त्यामुळे होतं काय की मीमांसक, जे जग निर्माण करणारा ईश्वर मानत नाहीत पण वेद मानतात, ते आस्तिक दर्शनात गणले जातात, आणि जैन-बौद्ध नास्तिक दर्शनात. देवाचा त्यात संबंध नाही. देव नाही एवढंच म्हणायचं असेल तर मराठीत निरीश्वरवादी हा नेमका शब्द आहे, पण जेवायच्या टेबलावर तो उच्चारेपर्यंत आमटी गार होते म्हणून पोरं नास्तिकच म्हणतात.

तुमचा मुलगा बहुतेक मानत नाही पण करतो, या गटातला. हा गट महाराष्ट्रात फार मोठा आहे आणि याला आपल्याकडे शब्दच नाही, कोणाला सुचला तर कळवा.

प्रश्न : आम्ही गोव्यातले कॅथलिक. आमच्या कोंकणीत 'भावार्थ' म्हणजे देवावरचा विश्वास. पुण्याच्या मैत्रिणीला मी म्हटलं की माझ्या आईचा भावार्थ घट्ट आहे, ती इतकी हसली, म्हणाली कवितेचा भावार्थ असतो, आईचा कुठून आला? (मडगाव)

मैत्रिणीला म्हणावं, हसायच्या आधी शब्दाची फोड करून बघ, भाव आणि अर्थ. "भाव तेथे देव" म्हणताना आपण तोच भाव म्हणतो की. जुन्या मराठीत भावार्थ शब्दाला श्रद्धेचा, मनापासूनपणाचा अर्थ होताच, मराठीने तो शाळेत पाठवला आणि प्रश्नपत्रिकेत "खालील ओळींचा भावार्थ लिहा, गुण ४" एवढ्यात अडकवला, कोंकणी ख्रिस्ती समाजाने मात्र तो प्रार्थनेत जपला. भावार्थी म्हणजे श्रद्धावंत, किती सुंदर शब्द.

असं एका घरात एक अर्थ आणि दुसऱ्या घरात दुसरा, हे खूप ठिकाणी झालंय. ईमान घ्या. अरबीत आणि मुसलमानांच्या रोजच्या बोलण्यात ईमान म्हणजे अल्लावरची श्रद्धा. मराठीत तो इमान झाला आणि कुत्र्याला जाऊन चिकटला, इमानी कुत्रा, इमानदार नोकर, बेइमान माणूस. श्रद्धेचा शब्द होता त्याचा आम्ही निष्ठेचा केला, देवाकडून मालकाकडे. मराठी ख्रिस्ती मंडळींची भाषा बघा, आता मी मंडळी म्हटलं, तर प्रॉटेस्टंट घरात मंडळी म्हणजे चर्चचे सभासद, पाळक म्हणजे पास्टर, शुभवर्तमान म्हणजे गॉस्पेल, आणि श्रद्धेपेक्षा विश्वास हा शब्द जास्त. मराठी बौद्ध घरात १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर धर्म नाही, धम्म, पूजा नाही, वंदना, आणि तिथे "तुमचा धर्म" असं कोणी म्हटलं तर हळूच सुधारून सांगतात, धम्म म्हणा. कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे ज्यू, लोकांना तर गावाने नावच पाळण्यावरून दिलं, तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून शनिवार तेली. ते काय मानतात हे गावाला शंभर पिढ्यांत माहीत नसेल, शनिवारी तेल मिळत नाही हे माहीत होतं.

प्रश्न : इथे आमच्या मराठी शाळेत एका नऊ वर्षांच्या मुलाने विचारलं, धर्म म्हणजे रिलिजन ना, मग धर्मशाळा म्हणजे रिलिजनची शाळा का? मला नीट सांगता आलं नाही. (न्यू जर्सी)

त्या मुलाला माझ्यातर्फे एक चॉकलेट द्या. धर्म हा मराठीत रिलिजनला लावलेला शब्द फार उशिराचा पाहुणा आहे, त्याच्या आधीपासून घरात राहणारे अर्थ वेगळेच. एक म्हणजे कर्तव्य, शेजारधर्म, आपद्धर्म. आणि दुसरा, जो इंग्रजी शिकलेल्या डोक्याला पटकन सुचत नाही, तो म्हणजे फुकट दिलेलं. दारावर येऊन "धर्म करा माय" म्हणणारा तुमचा रिलिजन विचारत नसतो. धर्मशाळा म्हणजे फुकट उतरायची जागा, धर्मार्थ दवाखाना म्हणजे फुकट किंवा नाममात्र पैशांचा, आणि फुकट मिळालेल्या वस्तूत खोड काढू नये याला आपल्याकडे म्हण, धर्माची गाय आणि दात का गं नाय. म्हणूनच १९५० च्या विश्वस्त कायद्याखाली मंदिर, वाचनालय, हॉस्पिटल सगळ्यांचे ट्रस्ट ज्यांच्याकडे नोंदवतात ते धर्मादाय आयुक्त. धर्मादाय हॉस्पिटलमध्ये दहा टक्के खाटा गरिबांना मोफत ठेवाव्या लागतात, त्या खाटेवर झोपणारा कुठल्याही धर्माचा असो.

याच घोळामुळे संविधानाच्या दोन भाषांतरांत फरक पडलाय. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने उद्देशिकेत सेक्युलर आला, त्याला हिंदीत पंथनिरपेक्ष केलं आणि मराठीत धर्मनिरपेक्ष. हिंदीवाल्यांचं म्हणणं असं की धर्म म्हणजे कर्तव्य, राज्य कर्तव्यापासून अलिप्त कसं राहील? बिनतोड आहे वरवर. पण मराठीत पंथ म्हटलं की महानुभाव पंथ, नाथ पंथ असं एका धर्मातलं पोटनाव डोळ्यासमोर येतं, त्यामुळे मला मराठीत धर्मनिरपेक्षच बरा वाटतो. निधर्मी मात्र नको, तो राज्याला लावला की शिवी दिल्यासारखा वाटतो.

मुलाला एवढं सगळं सांगू नका, धर्म म्हणजे द्यायचं असतं ते, असं सांगा, बाकीचं तो मोठा होऊन भांडून शिकेल.

प्रश्न : गेल्या अंकात "शनिवारी नखं न कापणं अशा अंधश्रद्धा" असं आपण लिहिलंत. माझी आई ऐंशी वर्षांची आहे, तिने आयुष्यात शनिवारी नखं कापली नाहीत. तिची श्रद्धा आंधळी हे ठरवणाऱ्या तुम्ही कोण? (आंतर्देशीय पत्र, सातारा जिल्हा)

कोणी नाही. तुमचं पत्र दोनदा वाचलं, आणि त्या वाक्यात माझाच शब्द चुकला हे मान्य करते. नखांना फार तर समजूत म्हणायला हवं होतं, सवय म्हटलं तरी चाललं असतं.

अंधश्रद्धा हा शब्द असा आहे की तो स्वतःला लावणारा माणूस मी अजून पाहिला नाही. देवभोळा म्हणतील स्वतःला, "आम्ही आपली भाबडी माणसं" म्हणतील, भाविक तर सगळेच, पण मी अंधश्रद्धाळू आहे बरं का, असं कोण म्हणतं? तो नेहमी दुसऱ्याकडे बोट करून उच्चारायचा शब्द. पाखंडाचं असंच झालं. गिरनारला अशोकाचा शिलालेख आहे, त्यात राजा सगळ्या "पासंडां"चा मान राखतो असं कोरलंय, तिथे पासंड म्हणजे नुसता संप्रदाय, तुमचा माझा कुठलाही. पुढे प्रत्येकजण तो शब्द दुसऱ्याच्या संप्रदायाला लावत गेला, लावत गेला, आणि शेवटी पाखंड म्हणजे ढोंग एवढंच राहिलं. बिचारा शब्द.

पण म्हणून मी अंधश्रद्धा हा शब्द टाकून देणार नाही, हेही सांगते. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये समिती काढली तिच्या नावातच तो आहे, आणि तो शब्द घेऊन गावोगाव हिंडलेल्या माणसांनी किती बायकांना भूत उतरवायच्या नावाखाली मार खाण्यापासून वाचवलंय. २० ऑगस्ट २०१३ ला दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर त्याच वर्षी कायदा झाला, आणि त्याचं नाव बघा : महाराष्ट्र नरबळी आणि इतर अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा व जादूटोणा यांना प्रतिबंध घालण्याबाबत व त्यांचे समूळ उच्चाटन करण्याबाबत अधिनियम. एवढ्या लांबलचक नावात अंधश्रद्धा हा शब्द नाही. म्हणजे तुमच्यासारखाच प्रश्न कायदा करणाऱ्यांसमोरही होता, कोणाची श्रद्धा आंधळी हे कोर्टात कसं सिद्ध करणार, त्यापेक्षा केलेली कृत्यं एकेक करून लिहा, अमकं केलं की गुन्हा. पुन्हा तेच बघा, डोक्यात काय आहे ते सोडून दिलं आणि हाताने काय केलं ते धरलं.

मी माझ्यापुरता नियम असा केलाय की ज्यात कोणाच्या अंगाला, पोटाला किंवा पैशाला इजा होते तिथे अंधश्रद्धा म्हणीन, बुवाबाजी म्हणीन, आणखी वाईट शब्द आठवला तर तोही म्हणीन. नव्या गाडीपुढे नारळ फोडणाऱ्याला नाही म्हणणार. आईंना माझा नमस्कार सांगा.

प्रश्न : मुलीसाठी स्थळ आलंय, बायोडेटात "मुलगा व घरचे सर्व माळकरी" असं लिहिलंय. माळकरी म्हणजे वारकरीच ना? आम्ही मुंबईचे मालवणी, मासे खाणारे. (लालबाग)

माळकरी म्हणजे गळ्यात तुळशीची माळ घातलेला. माळ नुसती घालत नाहीत, घेतात, रीतसर, आणि घेतली की मांस-मच्छी आणि दारू बंद. एकादशीचा उपास आणि पंढरीची वारी त्यासोबत येते. वारकरी हा शब्द वारी करण्यावरून, त्यामुळे प्रत्येक वारकरी माळकरी असतो असं धरलं तरी चालतं, पण आळंदी ते पंढरपूर चालत जाणारा प्रत्येकजण काही माळकरी नसतो, हल्ली आयटीतले लोक सुट्टीच्या दिवशी एक टप्पा चालून येतात त्यांना वारकरी म्हणावं का यावर आमच्या घरात दरवर्षी भांडण होतं. टाळकरी, विणेकरी ही तर दिंडीतली कामं, स्थळ बघताना त्याने फरक पडत नाही.

तुम्हाला खरा प्रश्न माशांचा आहे, तो आडून न विचारता सरळ विचारा. "तुमच्याकडे पाळतात का" असं विचारू नका, ते हो म्हणतील आणि तुम्हाला काहीच कळणार नाही. विचारा की सुनेने माळ घेतली पाहिजे का, नाही घेतली तर माहेरी जाऊन खाल्लेलं चालेल का, आणि तिथून खाऊन आलेल्या दिवशी स्वयंपाकघरात शिरलेलं चालेल का. आमच्या ओळखीत एक मालवणी मुलगी अशाच घरात गेली, सासऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात मागच्या बाल्कनीत तिच्यासाठी वेगळी शेगडी आणि वेगळा तवा आणून ठेवला, म्हणाले माळ माझ्या गळ्यात आहे, तुझ्या नाही. तिने आजवर त्या तव्यावर फक्त पापड भाजलेत, पण तवा आहे.